चार मिलिमीटरचा हिशेब : टॉर्क कन्व्हर्टर बसवताना

इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन्ही उघडून नव्याने बांधले, गिअरबॉक्स जॅकवर चढवून इंजिनाला भिडवला आणि बेल हाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचे घंटेच्या आकाराचे तोंड, इंजिनाच्या ब्लॉकपासून थोडे अलीकडेच अडकले, तर पुढची गोष्ट बहुतेक गॅरेजमध्ये ठरलेली असते. कोणीतरी चार कोपऱ्यांतले चार बोल्ट लावतो आणि आळीपाळीने आवळत फट मिटवायला सुरुवात करतो. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या बाबतीतही ही सवय वाईटच आहे, पण तिथे ती कधीकधी खपून जाते. ऑटोमॅटिकमध्ये ती खपत नाही. बेल हाउसिंगचे बोल्ट दोन भाग एकत्र धरून ठेवण्यासाठी आहेत, ओढून आणण्यासाठी नाहीत. गिअरबॉक्स हाताच्या जोराने, फार तर जरा हलवून, ब्लॉकला पूर्ण टेकला पाहिजे. टेकत नसेल तर आत काहीतरी अडले आहे आणि ते काय आहे हे शोधल्याशिवाय पाना उचलू नये.

हे सविस्तर लिहिण्याचे निमित्त म्हणजे आमच्याकडे, रत्नागिरीजवळ, जोडणीसाठी आलेली एक मागच्या चाकांवर चालणारी डिझेल ऑटोमॅटिक. गाडी मूळची चिपळूणची. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा ती बॉनेटच्या वर बुडाली होती आणि पाणी ओसरल्यावर कोणीतरी उत्साहाने चावी फिरवली होती. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना त्याला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. इथेही तेच झाले. नंतर गाडी बराच काळ उभीच राहिली आणि शेवटी देवरुखच्या एका हौशी काकांनी ती जवळजवळ भंगाराच्या भावात घेतली. तोवर क्रँकच्या जर्नलना, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागांना, गंजाचे खड्डे पडले होते. इंजिन एका गावात बांधले गेले, गिअरबॉक्स दुसऱ्या गावात आणि दोन्ही एकमेकांना जोडायचे काम आमच्याकडे आले. अशा वाटून दिलेल्या कामात प्रत्येक जण आपापला भाग बरोबर करतो आणि चूक नेमकी दोघांच्या मधल्या जागेत राहते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधली जागा म्हणजेच टॉर्क कन्व्हर्टर.

ज्यांनी कन्व्हर्टर उघडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. बाहेरून तो वेल्डिंग करून बंद केलेला एक फुगीर डबा दिसतो. आत तीन पाती-चाके असतात: डब्याच्या पाठीलाच जोडलेला इम्पेलर, त्याच्या समोर गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवणारा टर्बाइन आणि दोघांच्या मध्ये एकाच दिशेने फिरू शकणारा स्टेटर. इंजिन डबा फिरवते, इम्पेलर तेल फेकतो, ते तेल टर्बाइनला ढकलते आणि परत येताना स्टेटर त्याची दिशा वळवून देतो. याच वळवण्यामुळे गाडी जागेवरून उठताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण दुपटीपर्यंत वाढतो, आणि साखरपा ओलांडून आंबा घाटाला लागल्यावर ऑटोमॅटिक गाडी दम न लागता उठते ती त्यामुळे. ही कल्पना मोटारीसाठी निघालेली नव्हती. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये तिचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. तो तेव्हा श्टेटिनच्या व्हल्कन जहाजबांधणी कारखान्यात होता आणि वेगाने फिरणाऱ्या वाफेच्या टर्बाइनची ताकद जहाजाच्या हळू फिरणाऱ्या पंख्याला कशी द्यायची हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. मोटारीत कन्व्हर्टर रुळला तो पुढे, 1948 च्या ब्युइक डायनाफ्लोपासून. आजच्या कन्व्हर्टरमध्ये याशिवाय लॉकअप क्लच असतो, जो रस्त्याला लागल्यावर डबा आणि टर्बाइन यांना एकत्र पकडून घसरण थांबवतो.

बसवण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग म्हणजे कन्व्हर्टरची मान, म्हणजे मागे निघालेला गुळगुळीत हब. हा हब गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या तेलाच्या पंपात शिरतो आणि त्याच्या टोकावरच्या दोन खाचा पंपाच्या आतल्या गिअरच्या दोन कानांत बसतात. गिअरबॉक्समधला सगळा तेलाचा दाब याच पंपावर चालतो. कान आणि खाच एकमेकांत नसतील तर गाडी कोणत्याही गिअरमध्ये हलणार नाही. म्हणजे कन्व्हर्टर आत सरकवताना तीन ठिकाणी जुळणी व्हावी लागते. आधी स्टेटरच्या आतील स्प्लाइन, म्हणजे एकमेकांत बसणारे लांबट दाते, पंपातून बाहेर आलेल्या स्थिर नळीवर चढते, मग टर्बाइनची स्प्लाइन इनपुट शाफ्टवर चढते आणि सर्वांत शेवटी हबच्या खाचा पंपात उतरतात. काही गिअरबॉक्समध्ये पहिल्या दोन जुळण्या जवळजवळ एकदम होतात, त्यामुळे हाताला दोनच टप्पे जाणवतात. पण शेवटचा टप्पा मात्र वेगळा ओळखू येतो. कन्व्हर्टर दोन्ही तळहातांनी धरून, किंचित आत दाबत, डावीकडे-उजवीकडे फिरवत राहिले की एका क्षणी तो बोटाएवढा आत जातो, खट्‌ असा बोजड आवाज येतो आणि त्यानंतर फिरवताना पंपाचे गिअर सोबत फिरत असल्याचा एक तेलकट, जड विरोध हाताला लागतो. हा विरोध लागत नाही तोवर काम झालेले नाही. मी पंपाचे कान आधी उभ्या रेषेत फिरवून घेतो, त्याच रेषेत बेल हाउसिंगच्या कडेवर मार्करने खूण करतो आणि हबच्या खाचांची खूण कन्व्हर्टरच्या बाहेरच्या कडेवर करतो. दोन खुणा समोरासमोर आणल्या की अंधारात चाचपडावे लागत नाही. गिअरबॉक्स बेल हाउसिंग वर करून उभा ठेवता आला तर कन्व्हर्टरचे वजनच निम्मे काम करते.

आवाजावर आणि हातावर विश्वास ठेवावा, पण त्यांच्यावर थांबू नये. बेल हाउसिंगच्या तोंडावर सरळ स्टीलपट्टी आडवी ठेवून, व्हर्निअरच्या शेपटीने पट्टीच्या वरच्या कडेपासून कन्व्हर्टरच्या बोल्ट लागणाऱ्या पॅडपर्यंतची खोली मोजावी आणि पट्टीची जाडी वजा करावी. तीन पॅड असतील तर तीनही मोजावेत. हा झाला गिअरबॉक्सच्या बाजूचा आकडा. इंजिनाच्या बाजूला ब्लॉकच्या मागच्या तोंडापासून ड्राइव्ह प्लेटच्या, म्हणजे कन्व्हर्टर ज्या चकतीला बोल्टने लागतो तिच्या, तोंडापर्यंतची उंची मोजावी, मधला पत्रा असेल तर तो लावूनच. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की जोडल्यानंतर पॅड आणि प्लेट यांच्यामध्ये किती फट राहणार हे जोडण्याआधीच कळते. बहुतेक गाड्यांमध्ये ही फट साधारण 3 ते 5 मिलिमीटर असावी लागते. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. कन्व्हर्टर पूर्ण मागे बसवून मग बोल्टने एवढाच पुढे आणायचा असतो, म्हणजे हबचे टोक पंपाच्या तळाला घासत नाही आणि खाचाही कानांतून सुटत नाहीत.

आता त्या गाडीकडे येतो. आमच्या मुलांनी गिअरबॉक्स चढवला आणि तो सहा-सात मिलिमीटर अलीकडे अडला.

"दादा, थोडंच राहिलंय, बोल्ट मारले की येईल."

"बोल्ट काढ आधी. बॅटरी दे इकडे, भोकातून बघू."

स्टार्टर अजून लावलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या भोकातून आत उजेड टाकून पाहता येत होते, आणि जे दिसले त्यावरून तपासाची दिशा ठरली. कन्व्हर्टर पंपात उतरला नसता तर तो पुढे राहिला असता आणि त्याचे पॅड ड्राइव्ह प्लेटला टेकून त्यांनीच गिअरबॉक्स अडवला असता. इथे तर पॅड आणि प्लेट यांच्यामध्ये बोटभर उजेड दिसत होता. गिअरबॉक्स अडलेला आहे पण कडेला काहीच टेकलेले नाही, याचा अर्थ टेकते आहे ते मध्यभागी. मध्यभागी एकच गोष्ट असते: कन्व्हर्टरचे पुढचे नाक, जे क्रँकच्या टोकातल्या भोकात शिरून कन्व्हर्टरला मध्यावर धरते.

तरीही गिअरबॉक्स मागे घेऊन आधी खोली मोजली. ती मॅन्युअलप्रमाणे भरली, तीनही पॅडवर सारखी, तेव्हा गिअरबॉक्सवाल्याच्या कामावर शंका घेण्याचे कारण उरले नाही. मग बोट घालून क्रँकचे भोक चाचपले. आमच्या हवेत मशिनिंग केलेला उघडा लोखंडी भाग तेल न लावता ठेवला तर पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस होतो, आणि अशा गंजाने किंवा कडेला आलेल्या बुरामुळे, म्हणजे उठलेल्या धातूच्या धारेमुळे, नाक अडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. तिथे बारीक एमरी फिरवली, भोक पुसले आणि तेलाचा हात दिला की भागते. इथे मात्र बोटाला गंज लागला नाही. पितळेची गुळगुळीत कड लागली.

तो पायलट बुश होता. मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे पुढचे टोक क्रँकच्या टोकात आधार घेते आणि त्यासाठी तिथे बुश किंवा बेअरिंग दाबून बसवलेले असते. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी कन्व्हर्टरचे नाक जाते, बुशाचे तिथे काही काम नाही. मूळ क्रँक गंजाने गेल्यामुळे इंजिन बांधणाऱ्याने कुर्ल्याहून दुसरा आणवला होता. त्याच इंजिनाचा, चांगला, पण मॅन्युअल गाडीतून निघालेला. ग्राइंडिंग झाले, जर्नल मोजले गेले, बेअरिंगचे क्लिअरन्स नीट धरले गेले, आणि टोकातला बुश तसाच राहिला, कारण इंजिन बांधणाऱ्याच्या दृष्टीने तो क्रँकचाच भाग होता. बोल्ट आवळले असते तर कन्व्हर्टर मागे सरकायला चार-आठ मिलिमीटर काय, एक मिलिमीटरही जागा नव्हती. हबने पंपाचा गिअर तळाशी दाबून फोडला असता आणि दुसऱ्या टोकाला तोच दाब क्रँकला पुढे ढकलून नव्या थ्रस्ट वॉशरवर, म्हणजे क्रँकचे पुढे-मागे सरकणे रोखणाऱ्या चकतीवर, बसला असता.

असा बुश काढायची जुनी युक्ती सगळ्यांना ठाऊक असेलच, पण ती मला दर वेळी आवडते. बुशाच्या मागची पोकळी ग्रीसने ठासून भरायची, बुशात घट्ट बसेल असा गोल रॉड घ्यायचा आणि त्यावर हातोडीने ठोका द्यायचा. ग्रीसला जायला जागा नसते, म्हणून ते मागून बुशाला ढकलते. ठोक्यागणिक थोडे थोडे ग्रीस भरत गेले की बुश केसभर केसभर पुढे येतो आणि शेवटी हातात पडतो. भोक चिरण्याची किंवा छिन्नीने ओरखडे काढण्याची गरजच पडत नाही. नंतर आतले सगळे ग्रीस डिझेलने धुऊन काढावे लागते. भोकाचा व्यास आणि कन्व्हर्टरच्या नाकाचा व्यास व्हर्निअरने ताडून पाहिला आणि भोकाची खोलीही नाकाच्या लांबीपेक्षा जास्त असल्याची खात्री केली. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकच्या क्रँकचे हे भोक प्रत्येक इंजिनात सारखे असेलच असे नाही. काहींत त्याला वेगळी स्लीव्ह लागते.

इथेच गिअरबॉक्स चढवला असता तर तो गुळगुळीत टेकला असता, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता. पण इंजिनाच्या बाजूचा आकडा अजून घ्यायचा होता. तो घेतला आणि वजाबाकी केली, तर फट निघाली 8 मिलिमीटर. बुशाने वाट अडवून ठेवल्यामुळे ही दुसरी भानगड झाकली गेली होती, आणि ती उलट्या दिशेची होती.

फट जास्त असली तर बिघडले काय, बोल्टने कन्व्हर्टर पुढे ओढून घेता येईलच, असे म्हणणारे भेटतात. ओढून येतो हे खरे. गाडी सुरू होते, चालतेही. मात्र हब तेवढाच पंपातून बाहेर आलेला असतो, खाचांची फक्त टोके कानांवर राहतात आणि इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याचा मार त्या टोकांवर बसतो. कान झिजतात किंवा तुटतात आणि गाडी एखाद्या दिवशी घाटात, मागे ट्रकांची रांग असताना, सर्व गिअरमध्ये न्यूट्रल होते. थोडी जास्त फट असेल तर पॅड आणि प्लेट यांच्यामध्ये सारख्या जाडीचे वॉशर घालून ती भरण्याची रीत आहे आणि ती चुकीचीही नाही. पण कारण कळल्याशिवाय वॉशर घालणे मला पटत नाही. बांधणीच्या आधी गाडीत ही फट बरोबर होती, मग आता चार मिलिमीटर गेले कुठे, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे.

ते ड्राइव्ह प्लेट आणि क्रँक यांच्या मध्ये गेले होते. ड्राइव्ह प्लेट म्हणजे पातळ पोलादी चकती. मॅन्युअलच्या जाडजूड फ्लायव्हीलच्या जागी ती क्रँकला लागते आणि तिच्या कडेला स्टार्टरचा रिंग गिअर असतो. या इंजिनात क्रँक आणि प्लेट यांच्यामध्ये एक स्पेसर येतो आणि प्लेटच्या गिअरबॉक्सकडच्या बाजूला बोल्टच्या डोक्यांखाली एक जाड वॉशर-प्लेट. वॉशर-प्लेट होती, क्रँककडचा स्पेसर नव्हता. मॅन्युअलच्या फ्लायव्हीलला स्पेसर लागत नाही, त्यामुळे कुर्ल्याच्या क्रँकबरोबर तो येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि मूळ स्पेसर जुन्या क्रँकच्या टोकाला गंजाने चिकटून भंगाराच्या ढिगात पडला होता. फोन केल्यावर इंजिनवाल्यांनी तो शोधला, छिन्नीने सोडवला आणि एसटीच्या पार्सलने पाठवला. साफ करून मोजला तर 4 मिलिमीटर. स्पेसर नसताना रिंग गिअरही तेवढाच इंजिनाकडे सरकलेला होता, म्हणजे स्टार्टरचा दातही चुकीच्या जागी लागला असता. स्पेसरच्या दोन्ही तोंडांवरचा गंज एमरीने काढून ते काचेवर सपाट आहेत की नाही हे पाहिले, कारण तिथला एक कण प्लेटच्या कडेला मोठा होऊन दिसतो. प्लेट लावल्यावर डायल गेजने तिची डोल पाहिली. टोयोटाच्या जुन्या मॅन्युअलांमध्ये ड्राइव्ह प्लेटसाठी 0.20 मिलिमीटरची मर्यादा दिलेली असते आणि दुसऱ्या गाडीसाठीही तो अंदाज म्हणून वाईट नाही. ब्लॉकच्या मागच्या तोंडावरच्या, बेल हाउसिंगला नेमक्या मध्यावर धरणाऱ्या दोन डॉवेल पिना जागेवर आहेत की नाहीत हेही याच वेळी पाहावे. त्या पुरात गंजलेल्या असतात, ग्राइंडिंगच्या वेळी काढल्या जातात आणि परत लावायच्या राहून जातात. मग बेल हाउसिंग मध्यापासून सरकते आणि पंपाचा बुश आणि सील काही महिन्यांत जातात.

पुन्हा वजाबाकी: 4 मिलिमीटर. कन्व्हर्टर पुनर्बांधणी होऊन आलेला असल्यामुळे कोरडा होता. चढवण्याआधी त्यात साधारण लिटरभर ए.टी.एफ., म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, ओतले, हबला तेलाचा हात दिला आणि हबच्या सीलच्या जागेवरून नख फिरवून ओरखडा लागत नाही हे पाहिले. पुराचे पाणी गेलेला जुना कन्व्हर्टर धुऊन परत वापरावा का, असे काका विचारत होते. वापरू नये. डबा वेल्ड केलेला असल्यामुळे तो कापल्याशिवाय आतले पाणी पूर्ण निघत नाही, आणि पाण्याने लॉकअप क्लचच्या अस्तराचा गोंद सुटतो.

गिअरबॉक्स या वेळी हाताने ढकलला आणि टेकला. बेल हाउसिंगचे बोल्ट लावल्यावर सर्वांत आधी स्टार्टरच्या भोकातून हात घालून कन्व्हर्टर फिरवून पाहिला; तो मोकळा फिरला आणि पुढे-मागे सरकलाही. फिलर गेजच्या पात्या एकत्र करून पॅडजवळ फट मोजली, ती हिशेबाप्रमाणे निघाली. कन्व्हर्टरचे बोल्ट आधी सगळे बोटाने लावून घेतले, क्रँक पुढच्या पुलीच्या बोल्टवरून फिरवत एकेक भोक समोर आणले, आणि मग ठरलेल्या टॉर्कला आवळले. इथे बोल्ट मूळचेच वापरावेत. दिसायला तसाच पण दोन-तीन मिलिमीटर लांब बोल्ट कन्व्हर्टरच्या पत्र्याला आतून फुगवटा आणतो, आणि त्या पत्र्याच्या आतल्या बाजूवरच लॉकअप क्लच बसत असतो. गाडी मग वेगात थरथरते आणि कारण कोणाला सापडत नाही. शेवटी क्रँकचा पुढे-मागे होणारा प्ले डायल गेजने पाहिला. जोडणीआधी इंजिन बांधणाऱ्याने दिलेला आकडा होता तोच जोडल्यानंतर मिळाला, म्हणजे कन्व्हर्टर क्रँकला कुठेही रेटत नव्हता.

स्टार्ट करण्याआधी गिअरबॉक्समध्ये निम्म्याहून जास्त तेल घातले, इंजिन सुरू होताच उरलेले घालत गेलो, कारण कन्व्हर्टर भरताना तेलाची पातळी झरझर खाली जाते. सगळ्या गिअरमधून लिव्हर सावकाश फिरवून, तेल तापल्यावर, इंजिन चालू ठेवून डिपस्टिक पाहिली. बेल हाउसिंगखालचे झाकण मुद्दाम लावले नव्हते. आंबा घाट चढून-उतरून आल्यावर खालून पाहिले. लाल तेल असते तर पंपाचा सील, काळे असते तर क्रँकचा मागचा सील. दोन्ही कोरडे होते, तेव्हा झाकण लावले आणि गाडी काकांच्या ताब्यात दिली. पितळेचा बुश त्यांनी मागून घेतला.